सॅन फ्रान्सिस्को महापालिकेच्या बांधकाम कंत्राटांतील स्थानिक भरतीची अट: निविदेपासून अंतिम हिशेबापर्यंत

सॅन फ्रान्सिस्को शहराचे एखादे वाचनालय, जलवाहिनी किंवा रस्ता बांधण्याचे काम मिळालेल्या कंत्राटदाराला करारातील स्थानिक भरतीची अट बहुधा काम निम्म्यावर आल्यावर आठवते, आणि तोवर ती पाळणे फार अवघड झालेले असते. प्रकल्पावर काम होणाऱ्या एकूण तासांपैकी ठरावीक वाटा शहरात राहणाऱ्या कामगारांकडूनच झाला पाहिजे, अशी ही अट आहे. या महानगर परिसरात मराठी माणसे केवळ संगणक क्षेत्रात नाहीत. अंदाजपत्रके तयार करणारे, प्रकल्पाचे वेळापत्रक सांभाळणारे स्थापत्य अभियंते आणि लहान उपकंत्राटदार कंपन्यांचे मालकही आपल्यात आहेत. मी स्वतः अशाच एका लहान कंपनीत पगारपत्रके आणि नियमपालनाचे काम पाहते. हा लेख त्यांच्यासाठी आणि या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी आहे.

माझे एकच सांगणे आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यातून निघतात. ही अट कागदपत्रांची नसून मनुष्यबळाच्या नियोजनाची आहे, त्यामुळे तिचा विचार निविदा भरण्याच्या आधी सुरू करावा लागतो.

अट कुठून आली आणि तिचा आकार कसा ठरला

शहराने पूर्वी कंत्राटदारांना फक्त ‘प्रामाणिक प्रयत्न’ करण्यास सांगितले होते. प्रयत्न झाल्याचे कागद जमा होत, पण बेव्ह्यूसारख्या वस्त्यांतील कामगारांना आपल्याच दारासमोरच्या कामावर बाहेरगावाहून येणारे लोक दिसत. तेथील संघटनांनी हा प्रश्न लावून धरला. नगर पर्यवेक्षक जॉन अव्हालोस यांनी मांडलेला अध्यादेश डिसेंबर २०१० मध्ये मंजूर झाला आणि २५ मार्च २०११ पासून लागू झाला. ‘प्रयत्न’ जाऊन तिथे मोजता येणारा आणि दंडाला पात्र असलेला आकडा आला. पहिल्या वर्षी तो २० टक्के होता, पुढे दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवत ५० टक्क्यांपर्यंत न्यायचा विचार होता, पण ३० टक्क्यांवर पोहोचल्यावर तो तिथेच स्थिर ठेवण्यात आला.

या कायद्याच्या रचनेमागे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आहेत आणि ते माहीत असले तर नियमांतील काही विचित्र वाटणाऱ्या तरतुदी समजतात. बॉस्टनच्या महापौरांनी शहराच्या पैशाने होणाऱ्या बांधकामांवर निम्मे कामगार बॉस्टनचेच असावेत असा आदेश काढला होता, आणि १९८३ मध्ये न्यायालयाने तो आंतरराज्य व्यापाराच्या कलमाच्या कसोटीवर वैध ठरवला. १९८४ मध्ये न्यू जर्सीतील कॅम्डेन शहराच्या अशाच नियमाबाबत मात्र न्यायालय म्हणाले की, इतर राज्यांतील नागरिकांना समान हक्क देणाऱ्या घटनेतील कलमाच्या कसोटीतूनही असा नियम जावा लागेल. म्हणूनच सॅन फ्रान्सिस्कोच्या नियमात कॅलिफोर्नियाबाहेर राहणाऱ्या कामगारांचे तास हिशेबातूनच वगळले जातात. शिवाय मतदारांनी मंजूर केलेल्या १९९६ च्या २०९ क्रमांकाच्या प्रस्तावामुळे कॅलिफोर्नियात सरकारी कंत्राटांमध्ये वंश किंवा लिंगाच्या आधारावर प्राधान्य देता येत नाही, त्यामुळे सारी अट कामगाराच्या पत्त्यावर आणि आर्थिक परिस्थितीवर उभी आहे.

पहिली पायरी: आपले काम या अटीखाली येते का, ते निविदा पुस्तिकेतून ठरवणे

अट सार्वजनिक बांधकामांना लागू होते आणि त्यासाठी अंदाजित खर्चाची एक किमान मर्यादा आहे. मूळ कायद्यात ती ४ लाख डॉलर होती. ती नंतर वाढलेली असल्यामुळे जुन्या प्रकल्पावरचा आकडा स्मरणाने वापरू नये, आपल्या निविदेत छापलेला आकडाच घ्यावा. केंद्र सरकारचा निधी असलेल्या कामांवर निधी देणाऱ्या खात्याच्या अटी वरचढ ठरू शकतात. विमानतळ तर शहराच्या मालकीचा असूनही सॅन मटेओ काउंटीत आहे, त्यामुळे तेथील कामात ‘स्थानिक’ कोणाला म्हटले आहे हे निविदेतील व्याख्येवरून वेगळे तपासावे लागते.

वस्तू आणि सेवा पुरवण्याच्या कंत्राटांना हा नियम नाही, परंतु त्यांना १९९८ पासूनचा ‘फर्स्ट सोर्स’ भरती कार्यक्रम लागू होऊ शकतो. त्यात तासांचा वाटा मोजला जात नाही. नव्याने भरायच्या प्राथमिक स्तरावरील जागा आधी शहराच्या यंत्रणेला कळवाव्या लागतात. या दोन कार्यक्रमांची गल्लत नेहमी होते, म्हणून करारात नेमका कोणता अध्याय उद्धृत केला आहे ते पाहून घ्यावे.

दुसरी पायरी: तासांचे गणित, ट्रेडनिहाय

सर्वाधिक चुका याच पायरीवर होतात, म्हणून इथे थोडे थांबू. आवश्यक ३० टक्के हा एकूण प्रकल्पाचा वाटा नसून प्रत्येक ट्रेडचा, म्हणजे कारागिरीच्या प्रत्येक प्रकाराचा, स्वतंत्र वाटा आहे. सुतारांच्या तासांपैकी ३० टक्के, विजेचे काम करणाऱ्यांच्या तासांपैकी ३० टक्के, मजुरांच्या तासांपैकी ३० टक्के, असा हिशेब होतो. मजुरांमध्ये स्थानिकांचे तास ६० टक्के झाले म्हणून प्लंबरांमधील तूट भरून निघत नाही. प्रकल्पाच्या एकूण तासांच्या ५ टक्क्यांहूनही कमी काम असलेला ट्रेड साधारणपणे या बंधनातून सुटतो, आणि शहराने ‘विशेष’ म्हणून जाहीर केलेल्या काही ट्रेडनाही सूट मिळते.

याशिवाय अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ कामगारांच्या तासांपैकी निम्मे तास स्थानिक अप्रेंटिसांनी केलेले असावे लागतात. वंचित गटातील कामगारांसाठी सर्व तासांच्या १५ टक्के आणि अप्रेंटिसांच्या तासांच्या २५ टक्के असे उद्दिष्ट आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, सुतारकामाचे एकूण ६,००० तास अंदाजिले आहेत. कॅलिफोर्नियाच्या कामगार संहितेनुसार सार्वजनिक कामावर जर्नीमनच्या, म्हणजे प्रशिक्षण पूर्ण केलेल्या कारागिराच्या, दर ५ तासांमागे अप्रेंटिसचा किमान १ तास असावा लागतो. म्हणजे ५,००० तास जर्नीमनचे आणि १,००० तास अप्रेंटिसांचे धरू. स्थानिकांचे एकूण १,८०० तास हवेत आणि अप्रेंटिसांपैकी किमान ५०० तास स्थानिकांचे हवेत. केवळ किमान अट पाळून ५०० वरच थांबलो, तर उरलेले १,३०० तास स्थानिक जर्नीमनकडून यावे लागतील, म्हणजे जर्नीमनच्या तासांच्या २६ टक्के. पण सगळे अप्रेंटिस स्थानिक घेतले, तर जर्नीमनकडून ८०० तासच लागतात, म्हणजे १६ टक्के. शहरातली घरभाडी परवडेनाशी झाल्यामुळे अनुभवी कारागीर स्टॉकटन, अँटिऑक किंवा व्हॅलेहोकडे राहायला गेले आहेत आणि स्थानिक जर्नीमन मिळणे कठीण झाले आहे. अशा वेळी अप्रेंटिसांची प्रत्येक जागा स्थानिकाने भरणे हा ही अट पाळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, असे माझे ठाम मत आहे. याच मार्गाने शहरातील तरुणांना पुढे जर्नीमन होण्याची वाटही मिळते.

याच उदाहरणात ६०० तास नेवाडातून आलेल्या कामगारांचे असतील, तर ते वगळून ५,४०० तासांवर ३० टक्के, म्हणजे १,६२० तास लागतील. कोष्टक करताना राज्याबाहेरील कामगारांसाठी वेगळा रकाना ठेवावा.

हे गणित निविदा भरण्याआधी करायचे कारण सोपे आहे. ज्या ट्रेडमध्ये तूट पडणार असे दिसते, तिथे उपकंत्राटदार निवडतानाच त्याच्याकडे शहरात राहणारे किती लोक आहेत हे विचारता येते. करार झाल्यावर हा प्रश्न विचारून फारसे काही हाती लागत नाही.

तिसरी पायरी: ‘स्थानिक’ कोण, याची कागदोपत्री खात्री

महाराष्ट्रात अधिवास म्हटले की पंधरा वर्षांचे वास्तव्य आणि तहसील कार्यालयातील दाखला डोळ्यांसमोर येतो. इथे तसे नाही. प्रकल्पावर काम सुरू करण्याच्या किमान ७ दिवस आधीपासून ज्याचे अधिवासाचे ठिकाण सॅन फ्रान्सिस्को शहरात आहे, तो स्थानिक. मुदत लहान असली तरी व्याख्या सैल नाही. कॅलिफोर्नियाच्या निवडणूक संहितेतील अधिवासाची व्याख्याच इथे वापरली जाते. त्यानुसार माणूस जिथे स्थिर राहतो, जिथे राहत राहण्याचा त्याचा इरादा आहे आणि बाहेर गेला तरी जिथे परतण्याचा त्याचा इरादा आहे, ते त्याचे अधिवासाचे ठिकाण, आणि एका वेळी असे एकच ठिकाण असू शकते. मावशीच्या घराचा पत्ता देऊन रोज ओकलंडहून ये-जा करणारा कामगार या व्याख्येत बसत नाही.

म्हणून कामावर येण्याच्या पहिल्या दिवसाआधीच वाहन परवाना, भाडेकरार, वीज किंवा पाण्याचे बिल यांसारखे पुरावे घ्यावेत आणि त्यांवरील पत्ता पगारपत्रकावरील पत्त्याशी अक्षरशः जुळवावा. आमच्या एका कामावर एका गवंड्याचा परवाना जुन्या पत्त्याचा होता, भाडेकरार नव्या पत्त्याचा होता आणि पगारपत्रकावर तिसराच, टपाल पेटीचा पत्ता होता. माणूस खरोखर शहरातच राहत होता, तरीही त्याचे अनेक आठवड्यांचे तास मान्य करून घेण्यासाठी आम्हाला बरीच धावपळ करावी लागली. ती चूक सर्वस्वी आमच्या कार्यालयाची होती.

स्थानिक असणे आणि नागरिक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्त्याची खात्री करताना नागरिकत्वाबद्दल विचारू नये. काम करण्याच्या अधिकाराची तपासणी प्रत्येक नोकरदारासाठी असते, तिची प्रक्रिया वेगळी आहे आणि ती त्याच चौकटीत करावी.

वंचित गटातील कामगार ठरवताना याहून अधिक जपून वागावे लागते. जिथे बेकारी शहराच्या सरासरीच्या दीडपटीहून अधिक आहे अशा जनगणना विभागात राहणारे, ज्यांच्या कुटुंबाचे उत्पन्न परिसरातील मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांहून कमी आहे असे, किंवा बेघर असणे, एकट्याने मुले सांभाळणे, सरकारी मदतीवर असणे, शालान्त शिक्षण पूर्ण नसणे, तुरुंगवासाचा किंवा खटल्याचा इतिहास असणे अशा अडचणी असलेले स्थानिक कामगार या गटात येतात. हे प्रश्न मुकादमाने कामाच्या जागेवर विचारणे माणसाचा अपमान करणारे आहे, आणि गुन्ह्यांच्या इतिहासाबाबत तर ते बेकायदाही ठरू शकते. शहराचा २०१४ चा आणि राज्याचा २०१८ पासून लागू असलेला कायदा नोकरीचा सशर्त प्रस्ताव देण्याआधी असा प्रश्न विचारण्यास मनाई करतो. ही पडताळणी शहराच्या सिटीबिल्ड या बांधकाम रोजगार कार्यक्रमाकडे सोपवावी आणि आपण फक्त त्यांचे उत्तर नोंदवावे.

चौथी पायरी: काम सुरू होण्याआधीचे अर्ज आणि बैठका

या धोरणाची अंमलबजावणी शहराचे आर्थिक व मनुष्यबळ विकास कार्यालय सिटीबिल्डच्या माध्यमातून करते. मुख्य कंत्राटदाराने त्यांच्याकडे पहिला अर्ज म्हणून मनुष्यबळाचा अंदाज द्यायचा असतो, ज्यात प्रत्येक उपकंत्राटदाराचे ट्रेडनिहाय तास येतात. १० लाख डॉलरहून मोठ्या कामांसाठी त्यासोबत स्थानिक भरतीची योजनाही द्यावी लागते. दुसऱ्या पायरीतील कोष्टक नीट केलेले असेल, तर हे दोन्ही अर्ज भरायला फार वेळ लागत नाही.

उपकंत्राटदारांच्या करारांमध्ये ही अट शब्दशः उतरवावी, दंड झाल्यास तो कोणी सोसायचा हे लिहावे आणि पगारपत्रके वेळेवर न आल्यास देयक थांबवण्याचा अधिकार राखून ठेवावा. शहर अखेर मुख्य कंत्राटदाराकडेच बोट दाखवते, त्यामुळे तोंडी आश्वासनावर विसंबू नये. काम सुरू करण्यापूर्वीच्या बैठकीला उपकंत्राटदाराच्या मालकाबरोबर त्याचा पगारपत्रके करणारा माणूस आणि साइटवरचा फोरमनही बोलवावा, कारण रोजचे निर्णय हे दोघेच घेतात.

राज्याच्या अप्रेंटिस नियमांचे अर्ज वेगळे असतात. करार झाल्यापासून १० दिवसांत संबंधित प्रशिक्षण समित्यांना कंत्राटाची माहिती द्यावी लागते, आणि प्रत्यक्ष अप्रेंटिस मागण्यासाठी किमान ७२ तास आधी लेखी मागणी करावी लागते, ज्यात शनिवार, रविवार आणि सुट्ट्या धरल्या जात नाहीत. या मागणीपत्रातच ‘सॅन फ्रान्सिस्कोचे रहिवासी हवेत’ असे स्पष्ट लिहावे.

पाचवी पायरी: युनियनचा हॉल आणि सिटीबिल्ड, दोन्हीकडे मागणी

बहुतेक मोठ्या कामांवर कामगार युनियनच्या हायरिंग हॉलमधून येतात आणि तेथे प्रतीक्षा यादीच्या क्रमाने माणूस पाठवला जातो. कंत्राटदाराची सर्वसाधारण समजूत अशी असते की, हॉलने जो पाठवला तो घेतला, म्हणजे आपली जबाबदारी संपली. नियम तसे मानत नाही. हॉलकडे मागणी करताना रहिवासी कामगार मागावा, आपल्या ट्रेडच्या करारात नाव घेऊन माणूस मागवण्याची मुभा असेल तर पूर्वी आपल्याकडे काम केलेल्या स्थानिकांना नावाने बोलवावे, आणि स्थानिक मिळत नाही असे हॉलने सांगितले तर ते लेखी घ्यावे.

त्याच वेळी सिटीबिल्डकडेही कामगाराची मागणी नोंदवावी. त्यांची १८ आठवड्यांची प्रशिक्षण अकादमी आहे आणि तिथून बाहेर पडलेले लोक अप्रेंटिस म्हणून ट्रेडमध्ये प्रवेश करतात. माणूस उद्या सकाळी हवा म्हणून आज संध्याकाळी फोन करणे हा त्यांच्यावर आणि कामगारावर अन्याय आहे. पुढील तीन आठवड्यांच्या वेळापत्रकात नवा माणूस लागणार असे दिसताच, निदान आठवडाभर आधी, कळवावे. कोणते काम, कोणती हत्यारे, कुठल्या वेळी, कोणाला भेटायचे हे मागणीत लिहिले तर योग्य माणूस येतो आणि टिकतो. पाठवलेल्या व्यक्तीला घेतले नाही, तर त्याचे खरे कारण त्याच दिवशी नोंदवून ठेवावे.

सहावी पायरी: दर आठवड्याचे पगारपत्रक, दर महिन्याचा ताळा

प्रमाणित पगारपत्रक आठवड्याचे असते आणि शहराने ठरवलेल्या संगणकीय प्रणालीत भरावे लागते. शहर तासांची मोजणी त्यातूनच करते, त्यामुळे तिथे चुकीचा पिनकोड पडला तर चांगला स्थानिक कामगार अस्थानिक म्हणून मोजला जातो. ट्रेडचे नाव, जर्नीमन की अप्रेंटिस, आणि पत्ता, या तीन गोष्टी पाठवण्याआधी दर आठवड्याला दुसऱ्या माणसाने तपासाव्यात. ज्या आठवड्यात काम झाले नाही, त्या आठवड्याचेही ‘काम नाही’ असे पत्रक द्यावे.

महिनाअखेरीस ट्रेडनिहाय ताळा घ्यावा आणि त्यात उरलेल्या तासांचाही अंदाज मांडावा. काम ४० टक्के झाले असताना स्थानिकांचा वाटा २२ टक्के असेल, तर अखेरीस ३० टक्क्यांवर पोहोचण्यासाठी उरलेल्या तासांत तो ३५ टक्क्यांच्या वर लागेल. हा आकडा फोरमनला दाखवला, की पुढचा माणूस कुठून मागवायचा हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

सातवी पायरी: तूट पडणारच असे दिसले तर

तूट झाकू नये. प्रयत्न करूनही स्थानिक कामगार मिळत नसेल, तर सशर्त सवलतीचा अर्ज करता येतो आणि तो काम चालू असतानाच केला पाहिजे. सवलतीच्या बदल्यात कंत्राटदाराला काही करून दाखवावे लागते. तो नवे स्थानिक अप्रेंटिस प्रायोजित करू शकतो, किंवा या धोरणाखाली न येणाऱ्या आपल्या इतर कामांवर स्थानिकांना दिलेले तास जमेस धरण्याची विनंती करू शकतो. दुसऱ्या पर्यायासाठी त्या इतर कामांचीही पगारपत्रके आणि पत्त्यांचे पुरावे लागतात, म्हणून खासगी कामांवरही स्थानिकांची नोंद ठेवण्याची सवय चांगली. अर्जाला हॉलची लेखी उत्तरे, सिटीबिल्डकडील मागण्या आणि मासिक ताळे जोडावेत.

सवलत मिळाली नाही, तर जितके तास कमी पडले तितक्या तासांना त्या ट्रेडच्या प्रचलित मजुरीच्या दराने गुणून दंड ठरतो. समजा सुतारांत २५० तास कमी पडले आणि दर सोयीसाठी ताशी १०० डॉलर धरला, तर दंड २५,००० डॉलर होतो. म्हणजे स्थानिक माणसाला न दिलेली मजुरीच शहराला द्यावी लागते. हे वाचून एखादा मालक म्हणतो की, नफ्यात तेवढी रक्कम आधीच धरून ठेवू. मला हे मान्य नाही. ते २५० तास एखाद्या अप्रेंटिसच्या सहा आठवड्यांहून अधिक काळाचे काम आहे, आणि जर्नीमन होण्यासाठी त्याला लागणाऱ्या तासांतून ते कायमचे वजा होतात.

आठवी पायरी: काम संपताना

अंतिम देयकाआधी शहराच्या प्रणालीतील तासांचा अहवाल काढून तो आपल्या ताळ्याशी ट्रेडनिहाय जुळवावा. फरक आढळला तर बहुतेक वेळा एखाद्या उपकंत्राटदाराचे शेवटच्या आठवड्याचे पगारपत्रक राहिलेले असते किंवा कोणाचा पत्ता अर्धवट भरलेला असतो. उपकंत्राटदाराची राखून ठेवलेली रक्कम सोडण्यापूर्वी हे दुरुस्त करून घ्यावे, कारण पैसे मिळाल्यावर माणसे दुसऱ्या कामाला लागलेली असतात. काम पूर्ण झाल्यापासून ४ वर्षे कामगारांची नावे, पत्ते, ट्रेड, तास आणि रहिवासाचे पुरावे जपून ठेवावे लागतात. त्यांत लोकांची खासगी माहिती असते, म्हणून ती फाइल साइटवरच्या कपाटात न ठेवता कार्यालयात कुलपाखाली ठेवावी. आणि ज्या स्थानिक अप्रेंटिसांनी आपल्या कामावर चांगले काम केले, त्यांची नावे व फोन क्रमांक, त्यांच्या संमतीने, पुढच्या निविदेच्या कोष्टकाला जोडून ठेवावेत, म्हणजे पुढच्या कामावर त्यांना नावाने बोलावता येईल.